आईच्या कोंबड्यांचं खुराडं : मापं, जाळी आणि हवा



आज कांदा-ज्वारीची नोंद नाही, खुराड्याची आहे. वीस-पंचवीस गावठी कोंबड्या बऱ्याच वस्त्यांवर असतात, पण त्यांचं खुराडं सगळ्यात शेवटी बांधलं जातं. गोठ्याला अंदाजपत्रक असतं, कांदाचाळीला अनुदानाची फाईल असते. खुराड्याच्या वाट्याला उरलेला पत्रा, मोडकी खाट आणि जुनी साडी येते. तरी रोज सकाळी अंडी द्यायची जबाबदारी मात्र त्याच्यावर.

आमच्या वस्तीवर कोंबड्या आईच्या आहेत. म्हणजे आईच्याच. अंड्यांचा आणि कोंबड्याचा पैसा घराच्या हिशोबात येत नाही. भिशीचा हप्ता, नातीच्या वह्या, आषाढात पंढरपूरला जायचं गाडीभाडं हे सगळं त्यातून निघतं. मुलापुढं हात पसरावा लागत नाही, हे ती कधी बोलून दाखवत नाही. पण घरात सगळ्यांना ते माहीत आहे.

गेल्या वर्षी पौषात एका रात्री तिच्या २३ कोंबड्यांपैकी ११ मेल्या. खुराडं जुनं, आजोबांच्या वेळचं, दगड-मातीचं. दाराला षटकोनी भोकांची पातळ जाळी. सकाळी जाळीचा खालचा कोपरा आत वाकलेला आणि दारासमोर उकरलेली माती. मेलेल्या कोंबड्या जागोजागी पडलेल्या, चावलेल्या, पण खाल्लेल्या जवळजवळ नाहीत. आईनं त्या एका पोत्यात भरल्या आणि म्हणाली, "उरलेल्या बाजाराला घाल. आता न्हाई पाळायच्या."

आजूबाजूच्या लोकांनी तासाभरात निकाल दिला : मुंगूस. एकानं सुचवलं, अंड्यात कीटकनाशक घालून बांधाला ठेव, दोन दिवसांत काम होईल.

ते आम्ही केलं नाही, आणि तुम्हीही करू नका. मुंगूस, रानमांजर, कोल्हा हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात, त्यांना मारणं गुन्हा आहे. शिवाय विषाचं अंडं कोण खाईल याचा नेम नाही. तुमचंच कुत्रं खाईल, मांजर खाईल, मोर चोच मारील. आणि मुळात ज्याच्यासाठी विष ठेवायचं, तो गुन्हेगार तोच कशावरून?

मुंगूस दिवसा फिरणारा प्राणी आहे. दुपारी पिल्लू उचललं, उकिरड्यामागची अंडी फोडली, तर त्याच्यावर संशय घ्या. रात्री दोनला झालेल्या कारभाराचा आळ त्याच्यावर घालायचं कारण नाही. आम्ही खुरपणीला जातो तसं वाकून खुराड्याच्या आजूबाजूची माती बघितली. शेजारच्या गव्हाला आदल्या दिवशी पाणी दिलं होतं, सारा ओला होता. त्यात ठसे स्पष्ट होते : चार बोटं आणि प्रत्येक बोटापुढं नखाचा टिंब. मांजराच्या जातीचं जनावर चालताना नखं आत ओढून घेतं, त्याच्या ठशात नख सहसा दिसत नाही. मुंगसाच्या पायाला पाच बोटं असतात आणि ठसा बारका. हे ठसे मोठे होते आणि दोन मापांचे होते. म्हणजे कुत्री, तीही दोन. गावाबाहेर ढाब्याच्या कचऱ्यावर पोसलेली मोकाट टोळी आमच्या ओढ्यापर्यंत येते, ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. भरपूर मारून न खाता टाकून देणं, हीही कुत्र्यांचीच रीत.

तुमच्याकडं असं काही झालं तर शिव्या द्यायच्या आधी थोडा वेळ खुणा बघा. सगळं मेलेलं तिथंच पडलंय, तर बहुतेक कुत्रं. एखाददुसरी कोंबडी उचलून नेली, पिसांची रांग बांधापर्यंत गेली, तर रानमांजर नाहीतर कोल्हा. अंडी नाहीत, बारकी पिल्लं नाहीत, ना रक्त ना पीस, तर साप किंवा घूस. घूस जमिनीखालून येते, आणि तिनं पाडलेलं बीळ पुढं सापाला तयार रस्ता होतं.

पण खरं सांगायचं तर गुन्हेगार ओळखून भागत नाही. आज कुत्रं आलं, उद्या रानमांजर येईल. कोंबडीला रात्रीचं जवळजवळ दिसत नाही. अंधार पडला की ती दांडीवर बसते आणि शेजारी दुसरी मरत असली तरी ती कुठं पळणार? दिवसा ती आपला जीव स्वतः वाचवते. रात्री तिचा जीव भिंतीवर आणि कडीवर असतो. म्हणून खुराडं बांधताना आधी बाहेर, जमिनीवर, कुत्र्याच्या उंचीला बसून बघा. मग आत, कोंबडीच्या उंचीला बसा. पहिल्यानं सुरक्षा कळते, दुसऱ्यानं आराम. एकच बघितलं तर काय होतं, तेही सांगतो.

आमच्यानंतर महिनाभरात भावकीतल्या एकानं धसका घेऊन आपलं खुराडं चारी बाजूंनी पत्र्यानं बंद केलं. फटीत सिमेंटची रिकामी पोती कोंबली, वरून प्लॅस्टिक. कुत्रं काय, वारासुद्धा जाईना. पंधरा दिवसांत कोंबड्या शिंकायला लागल्या, डोळे पाणावले, एकीचा डोळा सुजून बंद झाला. त्यांना वाटलं रोग आला. पशुवैद्यकीय डॉक्टर आले, दारातून आत वाकले आणि नाक धरूनच मागं झाले. म्हणाले, आधी ही पोती काढा, औषधाचं मग बघू. कोंबडीच्या विष्ठेतून, ती ओली राहिली की, अमोनिया वायू सुटतो. तो डोळ्याला झोंबतो, श्वासनळी खराब करतो आणि मग कुठलाही रोग सहज आत शिरतो. कुत्र्यापासून वाचलेल्या कोंबड्या अशा गुदमरून बसल्या होत्या.

म्हणून आमचं ठरलं : जनावर जाणार नाही आणि हवा अडणार नाही. बाकी सगळी मापं याच्यावरून निघाली.

जागा आणि दिशा. खुराडं ८ फूट लांब, ४ फूट रुंद. म्हणजे ३२ चौरस फूट, २० ते २२ मोठ्या गावठी कोंबड्यांना रात्रीपुरतं पुरतं. कोंबडीमागं दीड चौरस फूट धरा. दिवसा मोकळ्या सोडणार नसाल तर हे माप चालणार नाही, बरीच जास्त जागा लागेल. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली. लांब बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला आल्या की सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत घुसत नाही आणि वारा आरपार जातो. पश्चिमेची आखूड भिंत पूर्ण विटांची, कारण आमच्याकडं पावसाचा मारा तिकडून. दार पूर्वेला.

जोतं. एक फूट उंच, दगड भरून वर अडीच इंच सिमेंटचा कोबा. घुशीचा बंदोबस्त इथंच होतो. मातीच्या जमिनीवर कितीही चांगली भिंत उभी करा, घूस खालून येतेच. कोब्याला दाराकडं थोडा उतार ठेवा, धुतलं की पाणी बाहेर गेलं पाहिजे.

भिंत आणि जाळी. उत्तर-दक्षिण दोन्ही बाजूंना खालची दीड फूट वीट, वर जाळी. जाळी अर्धा इंच चौकोनाची, वेल्ड केलेली. दुकानदार स्वस्तातली षटकोनी जाळी गळ्यात मारायला बघतो, "कोंबड्यांचीच आहे" म्हणतो. ती कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, कुत्रं बाहेर ठेवायला नाही. भोकंही मोठी असतात, बारका साप आणि उंदीर सहज जातात. जाळी लाकडी पट्टीला नुसती खिळ्यानं ठोकू नका. आम्ही लोखंडी अँगलच्या चौकटीत वेल्ड करून घेतली. दोन्ही बाजूंना, पत्र्याच्या खाली सहा इंचांची पट्टी कायम उघडी ठेवली, तिलाही तीच जाळी.

जमिनीवरची जाळी. ही गोष्ट कमी लोक करतात आणि सगळ्यात जास्त कामाची आहे. जोत्याला लागून बाहेरच्या बाजूनं एक फूट रुंदीची जाळी जमिनीवर आडवी पसरायची, वर चार बोटं माती आणि दगड. कुत्रं, कोल्हा उकरायला लागतो तो भिंतीला चिकटून. वरची माती निघाली की खाली जाळी लागते. फूटभर मागं सरकून उकरायची अक्कल त्याला सहसा सुचत नाही. आमच्याकडं जोतं दगडाचं आहे, तरी दाराच्या बाजूनं ही जाळी घातलीच.

दार. पाच फूट उंच. आई म्हणाली, "अरं, कोंबडी काय बंगल्यात राहती व्हय?" मी म्हणालो, कोंबडीसाठी नाही, तुझ्या कमरेसाठी. ज्या खुराड्यात माणूस उभा शिरत नाही ते खुराडं झाडलं जात नाही. हे लक्षात ठेवा, निम्मे रोग याच कारणानं येतात. दाराखाली बोटभरापेक्षा जास्त फट नको. कडी दोन ठिकाणी, वर आणि खाली, आणि कडीत खिट्टी. एकाच कडीचं दार खालून ढकललं की वाकतं आणि कोपऱ्यात फट पडते. जुन्या दाराचं तेच झालं होतं.

दांडी. कोंबडीला जमिनीवर नाही, उंचावर झोपायचं असतं. दोन फूट उंचीवर बाभळीच्या दोन दांड्या, दोन्ही एकाच उंचीला. एक वर, एक खाली केली की वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी मारामारी आणि खालचीच्या अंगावर वरचीची घाण. जाडी दीड ते दोन इंच, कडा रंध्यानं गोल केलेल्या. प्लॅस्टिकचा पाइप नको, पाय घसरतो. एका कोंबडीला आठ इंच जागा लागते, म्हणजे आठ फुटांच्या दोन दांड्यांवर २४ मावतात. भिंतीपासून एक फूट अंतर सोडा. दांड्या खाचेत नुसत्या ठेवल्यात, उचलून बाहेर काढता येतात.

अंड्याचे खण. चार ते पाच कोंबड्यांना एक खण, एक फूट लांब-रुंद-उंच. आम्ही चार केले, दक्षिणेच्या भिंतीला बाहेरच्या अंगाला काढून, वरून झाकण. आई आत न जाता अंडी काढते. झाकणाला कडी हवीच, नाहीतर मागचं दार उघडं ठेवल्यासारखं आहे. खण दांडीपेक्षा खाली ठेवा. खण उंच झाले तर कोंबड्या त्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात. आत थोडा अंधार आणि भाताचं पिंजर असलं की कोंबडी जागा शोधत बांधाला जात नाही.

छप्पर. जुने पत्रे वापरले, उतार उत्तरेकडं, चारी बाजूंनी दोन फूट वळचण. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही, आणि कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते, एवढाच तिचा उपाय. म्हणून पत्र्यावर चुन्याचा हात मारला आणि आतून तुराट्यांचं छत बांधलं. पत्रा आणि तुराट्यांच्या मध्ये वीतभर पोकळी आहे, तिची दोन्ही टोकं जाळीनं बंद केलीत, नाहीतर उंदरांची वसाहत होते.

पडदा. पावसाळ्यात आणि थंडीत जाळीला गोणपाटाचा पडदा लागतो. तो वरून खाली सोडायची सवय आहे आपल्याला. उलटं करा. पडदा खालच्या कडेला पक्का बांधा आणि गरजेप्रमाणे वर ओढा. खालून वारा अडतो, कोंबडीच्या अंगाला झोत लागत नाही, आणि तिच्या श्वासाची वाफ, अमोनिया वरच्या उघड्या पट्टीतून निघून जातो. वरची सहा इंचांची पट्टी कडाक्याच्या थंडीतही झाकायची नाही. बरोबर झालंय का हे बघायचं असेल तर पहाटे जाऊन पत्र्याला आतून हात लावा. ओल लागली तर हवा कमी पडतेय.

खालची गादी. कोब्यावर तीन इंच भाताचं तूस. भुईमुगाची टरफलंही चालतात. आठवड्यातून दोनदा दाताळ्यानं खालीवर करायची. मूठभर तूस हातात घेऊन दाबा : गोळा होऊन तसाच राहिला तर फार ओलं झालंय, सुकं तूस आणि थोडा चुना मिसळा. मुठीतून सुटून पडलं तर ठीक. आणि रोज एकदा खाली उकिडवं बसून वास घ्या. उभ्या माणसाला वास येत नाही तेव्हाही कोंबडीच्या नाकापाशी तो असतो. डोळे चुरचुरले की समजा उशीर झाला.

ही काढलेली गादी टाकू नका. कोंबडीखतात नत्र आणि स्फुरद शेणखतापेक्षा बरंच जास्त असतं, पण ताजं मुळापाशी घातलं तर रोप करपतं. आम्ही ती शेणाबरोबर खड्ड्यात कुजवून मग डाळिंबाला घालतो.

फटी. विटांचे सांधे आतून गिलावा करून बुजवले आणि चुना मारला. कोंबड्यांचे गोचीड दिवसा फटीत लपतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. सकाळी कोंबडी मलूल दिसते, तुरा फिका पडतो, आणि दिवसा अंगावर काहीच सापडत नाही. दाराबाहेर एका पाटीत राख आणि बारीक माती ठेवली आहे. कोंबड्या त्यात लोळतात, अंगावरच्या उवा त्यानं कमी होतात.

पिल्लं. खुडूक कोंबडीखालची पिल्लं तीच ऊब देऊन सांभाळते, फक्त दिवसा घार, कावळा आणि मुंगसासाठी त्यांना डालग्याखाली किंवा वरून जाळी असलेल्या जागेत ठेवा. विकत आणलेली एक दिवसाची पिल्लं असतील तर पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं गोल कडं करा, चौकोनी नको. थंडी वाजली की पिल्लं कोपऱ्यात गर्दी करतात आणि खालची गुदमरतात. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. थर्मामीटर नसला तर पिल्लांकडं बघा. बल्बखाली ढीग झाला तर थंडी आहे, कडेला जाऊन धापा टाकतात तर उष्णता जास्त, सगळीकडं सारखी पसरली तर बरोबर.

खर्च विचाराल. पत्रे आणि दगड घरचे, मजुरी निम्मी घरची. जाळी, अँगल, वेल्डिंग, सिमेंट, विटा आणि गवंडी मिळून साडेअकरा हजार रुपये. यातली सगळ्यात मोठी रक्कम जाळी आणि वेल्डिंगची, आणि तीच कमी करू नका. पैसे कमी असतील तर खण भाजीच्या क्रेटचे करा, छत पाचटाचं करा, जाळी मात्र चांगली घ्या.

एक फायदा बांधताना कुणाच्या डोक्यात नसतो. सगळ्या कोंबड्या रात्री एका जागी, हाताच्या उंचीला बसलेल्या मिळाल्या की लस देणं सोपं जातं. आपल्याकडं ज्याला मानमोडी म्हणतात, तो राणीखेत रोग. उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून त्याचं नाव पडलं. तो आला की उपचार नाही, वस्तीच्या वस्ती साफ होते, आणि त्यापुढं ११ कोंबड्यांचं काहीच नाही. झाडावर, गोठ्यात, कुठंही झोपणाऱ्या कोंबड्या दिवसा धरून लस देणं होत नाही. दवाखान्यातून लस बर्फात आणायची, संध्याकाळी सातला बॅटरी घेऊन आत जायचं, अर्ध्या तासात सगळ्या होतात. वेळापत्रक तुमच्या डॉक्टरांना विचारून लावा.

उरलेल्या १२ कोंबड्या आईनं बाजाराला घातल्या नाहीत. खुराडं माघात पुरं झालं. त्यानंतर एक उन्हाळा, एक पावसाळा गेला, आता दुसरी थंडी चालू आहे. कुत्री परत दोनदा येऊन गेली. दाराजवळ जाळीपर्यंत उकरलेलं होतं, पुढं सोडून दिलेलं. आज आत १९ कोंबड्या, २ कोंबडे आहेत आणि एक खुडूक बसली आहे. आषाढातलं गाडीभाडं आईनं स्वतःच्या पैशातून दिलं.

रोजचं काम एकच, ते चुकवू नका. दिवेलागणीला दार लावताना मोजा. आकडा कमी आला तर तेवढ्यात शोधता येतं, सकाळी शोधून उपयोग नसतो.

कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या मित्रांनी आमचं माप जसंच्या तसं घेऊ नये. तुमच्याकडचा पाऊस बघून वळचण तीन फूट करा आणि जोतं आणखी उंच घ्या. विदर्भात उन्हाचा ताप जास्त, तिथं छताची पोकळी वाढवा. कुणी बांबूचं, उचलून ठेवता येणारं खुराडं केलं असेल आणि ते कुत्र्यापुढं टिकलं असेल, तर त्याची मापं जरूर सांगा. वाट्यानं जमीन करणाऱ्यांना पक्कं बांधकाम परवडत नाही, त्यांना त्याचा उपयोग होईल.